पहिल्या रांगेतली खलनायिका

आमच्या ह्यांनी, म्हणजे राजशेखर यांनी, पाच वर्षं मालिका बघून पीएच.डी. केली. दुसऱ्यानं बघितलं तर वेळ वाया, ह्यांनी बघितलं की संशोधन! विषय होता, मराठी मालिकांमधली नीती नेमकी कुणाच्या सोयीची. बघायला सोबत म्हणून सासूबाई, म्हणजे ह्यांची आई गुरम्मा. चहाला मी.

खुल्या मौखिकीला, म्हणजे चारचौघांसमोरच्या तोंडी परीक्षेला, लातूरहून नांदेडला आम्ही जीप भरून गेलो. आमच्याकडे पीएच.डी. म्हणजे घरचंच कार्य. फेटा, शाल, नारळ आणि शेवटी उमेदवाराकडून सगळ्यांना जेवण. सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या, शेजारी मी तोंड फुगवून. देगलूरच्या शाळेत मला नोकरी लागली होती. सोमवारी रुजू झाले नाही तर ती जाणार होती, आणि हे रोज एकच सांगायचे, "आई नको म्हणते." पंधरा दिवस मी सासूबाईंशी कामापुरतंच बोलत होते. भयंकर राग आला होता मला त्यांचा.

हे मात्र समोर रंगात आले होते. "मालिकेत सासूला खलनायिका केलं, की नवऱ्याला काही ठरवावं लागत नाही. तो गप्प बसूनही सज्जन राहतो." परीक्षकांनी मान डोलावली.

"काय म्हणायलाय गं ह्यो?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"सुनेला अडवतो नवरा, आन् नाव सासूचं खराब होतंय म्हणतेत."

"खरंच हाय की. आपल्यात बरं, तसलं काई न्हाई. पर तू का गं फुगलीस माझ्यावर?"

"देगलूरच्या नोकरीला तुम्हीच नको म्हणलाव ना?"

"कोन्ती नोकरी?"

ज्या बाईवर पंधरा दिवस रुसले होते, तिला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मला फार लाज वाटली. सोमवारी रुजू व्हायचंय इथपर्यंत सगळं मी त्यांच्या कानात सांगून टाकलं.

तेवढ्यात परीक्षकांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "सभागृहातून कुणाचा प्रश्न?" अशा वेळी प्रश्न कुणी विचारत नसतं, सगळ्यांना भुका लागलेल्या असतात. पण सासूबाई पदर सावरून उभ्या राहिल्या.

"साहेब, सुनेच्या नोकरीचं ह्यानं मला कदी इचारलं का, तेवढं इचारा."

हे पाण्याचा ग्लास शोधायला लागले.

"उमेदवारांनी उत्तर द्यावं," परीक्षक म्हणाले.

"नाही विचारलं," ह्यांचा आवाज पार खाली गेला. "ही गेल्यावर घरचं कसं व्हायचं म्हणून... मीच नको म्हणत होतो."

"मग ह्ये बी लिव्ह तुज्या पुस्तकात," सासूबाई म्हणाल्या. "आन् सोमवारी हिला देगलूरला तूच सोडून ये."