नरक्याला दिलेलं आवतण

मी नरक्या, रानातलं एक जुनं झाड आहे, मित्रांनो. ‘मित्रांनो’ म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. माणसाशी माझी मैत्री कधीच नव्हती. आंबेनळी घाटाच्या उतरणीला, कापडे गावाच्या वरच्या रानात मी वाढलो. माझ्या पानाफुलांना घाण वास येतो, म्हणून तुम्ही मला नरकाचं नाव दिलंत. कापड्याचा सहदेव गुरं घेऊन जाताना माझ्याकडे बघून थुंकायचा. थुंको बापडा! त्या काळात निदान माझी साल माझ्या अंगावर होती.

पुढे कोणा शास्त्रज्ञांना आमच्या अंगात कॅम्प्टोथेसिन सापडलं. कॅन्सरची गाठ वाढू न देणारं द्रव्य. झालं! कालपर्यंत नाक मुरडणारे ट्रक घेऊन आले. माझे भाऊबंद मुळासकट उपटून चोरून घाटाखाली नेले. मी कड्याच्या अवघड जागी होतो म्हणून वाचलो.

मग सहदेवच्या बायकोला, ठकूबाईला, आतड्याचा कॅन्सर निघाला. एका संध्याकाळी तो चपला काढून, हात जोडून माझ्यापुढे उभा राहिला. इकडे औषधाला झाड घ्यायचं तर आदल्या दिवशी त्याला आवतण देतात. त्याने मुळाशी तांदूळ आणि सुपारी ठेवली.

“देवा, उद्या न्यायला येतो. माज्या ठकूला बरी कर.”

ज्या तोंडाने थुंकला त्याच तोंडाने देव म्हणाला! माझा नुसता संताप झाला.

दुसऱ्या दिवशी त्याने कोयत्याने माझी साल बुंध्याभोवती गोल सोलली. साल अशी चारी बाजूंनी गेली की झाड उपाशी मरतं, हे काय शेतकऱ्याला ठाऊक नसतं? एवढ्यात त्याची मुलगी श्रुतिका धापा टाकत आली. ती महाडच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकते.

“बाबा, काढा करू नका! यातलं द्रव्य वेगळं काढतात, त्याची रचना बदलतात, मग डॉक्टर मोजून देतात. नुसती साल विषारी आहे.”

“आवतण दिलेलं झाड बाधत नाय गो. डॉक्टरबी ह्येच देतात, मग मुंबईला कशाला जायाचं?”

श्रुतिकाने सालीचा तुकडा उचलून तोंडाजवळ नेला. “बाधत नाही ना? मग आधी मी खाते.”

सहदेवने झडप घालून तो उडवला. “मरशील गो!”

“मी मरेन, आणि आई बरी होईल?”

सहदेवने सगळी साल गोळा करून दरीत फेकली. ठकूबाई मुंबईला गेली. तिच्या सलाईनमध्ये आमच्याच द्रव्यापासून बनवलेलं औषध आहे म्हणे. बरी होवो बिचारी, तिच्याशी माझं भांडण नाही. मी मात्र शेंड्यापासून वाळत चाललोय.

परवा सहदेव नारळ घेऊन माफी मागायला आला. माफी मिळणार नाही! माझ्या खाली माझी दोन रोपं उगवली आहेत. माणसांनो, ती वाढू द्या. त्यांना शिव्या दिल्यात तरी चालेल, पण हात जोडू नका. ज्याने मला हात जोडले, त्यानेच कोयता आणला होता.