खंडेनवमीचा खराटा

दिगंबर आगाश्यांना आताशा फोन यायचे ते कर्ज घ्या म्हणून मागे लागणाऱ्यांचेच. त्यामुळे मांजरी भागातल्या एका नव्या कंपनीतून अक्षता नावाच्या इंजिनिअर मुलीने ‘सर, खंडेनवमीची पूजा तुमच्याच हातून करायचीय’ म्हटलं, तेव्हा त्यांनी दोन दिवस आधीच शर्टाला इस्त्री करून ठेवली. वारज्याच्या फ्लॅटमध्ये तो शर्ट बघायला दुसरं कुणी नव्हतं.

कंपनी पाण्यातून हायड्रोजन काढून बसगाड्यांना पुरवणार होती. आगाश्यांनी हाच वायू वनस्पती तुपाच्या कारखान्यात सांभाळला होता. तो तेलातून सोडला की तेलाचं घट्ट तूप व्हायचं. तेव्हा त्याला उद्याचं इंधन वगैरे म्हणायची कुणाला फुरसत नव्हती.

टेबलावर नट आवळायचे पाने, पक्कडी आणि झेंडू मांडले होते. मधोमध वायूची गळती ओळखणारी तीन छोटी यंत्रं होती. एरवी ती यंत्रखोलीच्या दाराशी टांगलेली असत.

“आज यांना सुट्टी,” अक्षता हसली. “पूजेतल्या वस्तूला उद्यापर्यंत हात लावायचा नाही ना!”

आगाश्यांचं कुंकवाचं बोट हवेतच थांबलं. “प्लांट बंद आहे?”

“नाही सर, चालू आहे.”

“मग ती आधी जागेवर टांगा. आत्ता!”

भोवती जमलेली कंपनीतली मुलं चपापली. म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलं, असंच त्यांना वाटलं असणार.

“हायड्रोजनची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही,” आगाशे म्हणाले. “आमच्याकडे यंत्रं नव्हती, खराटा होता. तो पुढे धरून खोलीत शिरायचं, टोक पेटलं की मागे फिरायचं. त्र्याण्णवच्या खंडेनवमीला खराटा पूजेत होता. नागोराव फिटर मोकळ्या हातांनी आत गेला. अकरा दिवस इस्पितळात तळमळला आणि गेला.”

अक्षता यंत्रं टांगून परत आली. “पण सर, खराटा पूजेत ठेवला कुणी?”

हाच प्रश्न नागोरावच्या बायकोने, मुक्ताईने, इस्पितळाच्या जिन्यात विचारला होता. ‘माहीत नाही,’ आगाशे म्हणाले होते. तेव्हापासून ते डबासुद्धा एकटेच खायचे. चार माणसांत बसलं की तोंडून निघून जाईल, ही धास्ती. पत्नी श्यामलाबाई वारल्या, त्यांनाही कधी सांगितलं नाही. आज पुन्हा तेच उत्तर दिलं असतं, तर पुढच्या वर्षीही इथून बोलावणं आलं असतं. त्यांना ते फार हवं होतं.

“मी,” ते म्हणाले. “कुंकूही मीच लावलं.”

अक्षताने खाली बघतच पेढा दिला, तो हातात धरून ते स्टॉपवर आले. घराकडची बस आली, ती त्यांनी सोडली आणि येरवड्याच्या बसमध्ये चढले. मुक्ताई अजून तिथे त्याच जुन्या खोलीत राहते, एवढं ते दर वर्षी कुणाकडून तरी विचारून घेत आले होते.