तिसरा बोर्ड

"हाही गेला," ताई म्हणाल्या आणि त्यांनी झटकन पॉवर सप्लाय बंद केला.

तोवर टेबलाभोवती जळका वास पसरला होता. तळहाताएवढ्या हिरव्या बोर्डावरचा कपॅसिटर टोपी उडाल्यासारखा फुटला होता. शेजारी उभ्या असलेल्या नव्या इंजिनियर मुलीचा चेहरा पार उतरला. डिझाइन तिचं होतं. बारा व्होल्ट आत घ्यायचे आणि मोजून पाच व्होल्ट बाहेर द्यायचे, एवढंच या बक कन्व्हर्टरचं काम. तीन वाजता गिऱ्हाईक तो चालताना बघायला येणार होतं. दाखवण्यासाठी तीनच बोर्ड बनवले होते. पहिला काल गेला, दुसरा आत्ता.

"पाच व्होल्ट आले होते ना, ताई?"

"आले होते गं. लोड लावल्यावरसुद्धा नीट होते. मग एकदम चढले."

वासाच्या मागावर साहेब आलेच. फुटका कपॅसिटर बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"दोन दिवसांत दोन? म्हणजे डिझाइनच कच्चं आहे. तीन वाजता त्यांना काय दाखवू, धूर?" साहेबांचा आवाज खाली आला, तो जास्त लागणारा होता. "तुझे प्रोबेशनचे सहा महिने अजून भरलेले नाहीत. तिसऱ्याचंही हेच झालं, तर मला विचार करावा लागेल."

ताईंनी उजवा हात ॲप्रनच्या खिशात सारला. खिशातही तो थांबेना.

सव्वीस वर्षं ताई या टेस्टिंगच्या टेबलावर होत्या. बोर्ड कुणीही बनवो, ताईंनी पास केला की तो बाहेर पडायचा. चार महिन्यांपूर्वी हात थरथरू लागला. आधी सुईत दोरा ओवताना, मग सही करताना. नवरा म्हणाला, "डॉक्टरांना दाखव." ताई म्हणाल्या, "थकवा आहे." "थकवा फक्त उजव्या हातालाच येतो होय?" यावर त्यांनी भांडी जरा जोरात आपटली आणि विषय संपवला.

बाकीची कामं निभत होती. तारा चिमट्यांनी लागतात, आकडे डोळ्यांनी वाचता येतात. पण पाच व्होल्टवर उरलेली बारीक लहर मोजायची तर स्कोपच्या, म्हणजे पडद्यावर व्होल्टेजची रेघ काढणाऱ्या यंत्राच्या, प्रोबचं सुईसारखं टोक हातानेच कपॅसिटरवर टेकवून धरावं लागतं. लांब तार जोडली की भलताच गोंगाट पकडते. काल टोक घसरलं आणि व्होल्टेज सांभाळणाऱ्या चिपच्या दोन पायांना एकदम लागलं. बाहेर व्होल्टेज कमी पडतंय अशी चिपची समजूत झाली आणि तिने बाराच्या बारा व्होल्ट सोडून दिले; पाचाच्या कपॅसिटरला ते सोसले नाहीत. कालचं घसरणं क्षणाचं होतं. आपला भास असेल, बोर्डातच खोट असेल, असं ताईंनी स्वतःला समजावलं होतं. आज मात्र त्यांनी घसरणारं टोक डोळ्यांनी पाहिलं.

त्यानंतर त्यांना एका जागी बसवेना. स्टोअरमध्ये गेल्या, काय आणायचं ते विसरून परत आल्या. पुसलेलं टेबल पुन्हा पुसलं. जेवणाचा डबा उघडला, झाकून ठेवला. सांगितलं तर हे टेबल जाणार. मग उरलेली वर्षं काय करायचं, खोकी मोजायची? आणि नाही सांगितलं तर?

मुलगी भिंगाखाली तिसरा बोर्ड तपासत होती. एकेक रेझिस्टर मोजायची, वहीत लिहायची, खोडायची.

"काही सापडलं?" ताईंनी विचारलं.

"नाही. सगळं बरोबर आहे. म्हणजे चूक आहे आणि मला दिसतच नाही. साहेबांना सांगून टाकते, हे मला जमणार नाही म्हणून." तिने वही मिटली.

"बस खाली," ताई म्हणाल्या. "बोर्ड चांगला आहे. दोन्ही माझ्या हाताने गेले." आणि त्यांनी हात खिशातून काढून टेबलावर ठेवला. बोटं लाकडावर टकटक वाजत होती.

मुलीने त्या हाताकडे पाहिलं. "काल मी घरी जाऊन आईपाशी रडले, ताई," ती म्हणाली. "तुम्हाला कालच माहीत होतं?"

"संशय होता."

तिने मिटलेली वही बाजूला सारली. ताईंनी माफी मागून तिला अडचणीत टाकलं नाही. त्या उठल्या आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या.

साहेबांनी सगळं ऐकलं. "काल का नाही बोललात?"

"भीती वाटली."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "दोन वाजत आले. आता मोजणार कोण?"

"ती मोजेल. मी शेजारी उभी राहते."

मुलीने प्रोब घेतला तो तलवार धरल्यासारखा. "असा नाही," ताई म्हणाल्या. "कोपर टेबलाला टेकव. करंगळी बोर्डाच्या कडेला. आधी सप्लायवर करंटची मर्यादा खाली आण, काही झालंच तर जळणार तरी नाही. आता श्वास सोड आणि मग टेकव. घाई कशाची आहे? गिऱ्हाईक काय पळून चाललंय?"

मुलीला नको असताना हसू आलं, आणि टोक बरोबर जागी बसलं. स्कोपवर पिवळी रेघ उमटली. लहर अठरा मिलिव्होल्ट. पन्नासपर्यंत चालत होती. त्यांनी ते सहा वेळा केलं. सहाव्यांदा ताईंना काही सांगावं लागलं नाही.

तीन वाजता गिऱ्हाईकाकडचे पाहुणे आले, चार जण. त्यांना स्कोप दिसावा म्हणून ताई सरकत सरकत टेबलाच्या पलीकडे गेल्या. मुलीने आधी लोडशिवाय पाच व्होल्ट दाखवले, त्यांवरची लहर दाखवली, मग लोड चढवत नेला. पाच हलले नाहीत. पाहुण्यांतल्या वयस्कर गृहस्थांनी वाकून बोर्डावरच्या तांब्याच्या गुंडाळीवर, कॉइलवर, बोट ठेवलं. कॉइल जेमतेम कोमट होती.

"छान. मोजमाप अगदी स्वच्छ आहे. तुमच्याकडे टेस्टिंग कोण बघतं?"

साहेबांनी ताईंकडे पाहिलं. मुलीनेही पाहिलं.

"ही बघते," ताई म्हणाल्या.

"मग पूर्ण लोडवर लहर पुन्हा एकदा दाखवा ना."

मुलीने कोपर टेकवलं, करंगळी कडेला लावली, श्वास सोडला. पलीकडून ताईंना स्कोपची नुसती पाठ दिसत होती. खोक्याची धूळ आणि गुंडाळलेली वायर. त्यांनी मुलीकडे पाहिलं. तिच्या चष्म्याच्या दोन्ही काचांत एकेक बारीक पिवळी रेघ होती, जराही न हलणारी.