न सुकणारं टेबल

"आई, अख्खा महासागर टेबलाला चिकटला!"

मुलीची हाक ऐकून सून ओल्या हातांनीच स्वयंपाकघरातून धावत आली. मुलीच्या हातात नकाशाचा फाटका कागद होता. त्याचा निळा भाग जेवणाच्या टेबलावर पालथा बसला होता. नखानं खरवडलं की कागदाची साल निघत होती, महासागर जागचा हलत नव्हता.

"टेबलावर काही ठेवायचं नाही म्हणून किती वेळा सांगितलं तुला?"

"मग टेबल ठेवलंय कशाला?"

सुनेनं टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. तिथं सासरे वाकून पॉलिशचा बोळा फिरवत होते. जुन्या सुती कापडात बांधलेला कापूस, तो पॉलिशच्या डब्यात टेकवायचा आणि लाकडावर लांबट वळसे घेत जायचं. आयुष्यभर लोकांच्या घरची कपाटं, पलंग आणि टेबलं त्यांनी अशीच उजळली होती. हात अजून थरथरत नव्हता. डोक्यातली गोष्ट मात्र दुपारपर्यंतही टिकत नव्हती.

"घाई करू नये, सूनबाई," मान वर न करता ते म्हणाले. "एक हात पुरता सुकल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. देईल तो कारागीर नव्हे."

"हो ना? मग कालचा सुकला का, बाबा?"

"काल? काल कुठं हात लावलाय मी याला? बघ की, पार रया गेलीय. म्हटलं, आज घेऊच करायला."

भिंतीवर डोकं आपटावं असं सुनेला वाटलं, पण भिंतीलाही बोळ्याचे डाग होते.

दुखणं साधं होतं. हे पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. स्पिरिट उडून गेलं की लाख कडक होते. पण वरून नवा हात दिला की त्यातलं स्पिरिट खालच्या थरालाही पुन्हा मऊ करतं. हे सगळं तिला बाबांनीच शिकवलं होतं, रोज शिकवत होते, आणि शिकवता शिकवता नवा हात देत होते. टेबल सुकायला त्याला कुणी मोकळं सोडायला हवं ना! शर्टांच्या बाह्या चिकटत, पेले उचलताना चर्रकन आवाज येई. खालच्या लोकरी गालिच्यावर थेंब पडून वाळत आणि तिथले धागे दात घासायच्या ब्रशासारखे ताठ उभे राहत. रोज दुपारी ती गुडघ्यांवर बसून स्पिरिटचा बोळा टिपत ते सोडवत असे. चोळायचं नाही, टिपायचं, हेही बाबांनीच शिकवलेलं. डाग पडले कसे, याचं मात्र त्यांना रोज नवल वाटे.

"तुमच्या घरात कुणाला वस्तूंची किंमतच नाही," असं वर ऐकवत.

नवऱ्याला सांगावं तर तो चपला घालता घालता म्हणे, "अगं, करू दे की. कुणाला त्रास होतो?"

"मला! मला होतो!"

"मग डबा लपव."

लपवूनही झाला होता. त्या दिवशी बाबांनी घरातलं प्रत्येक कपाट उपसलं, जेवले नाहीत आणि संध्याकाळी दाराशी उभे राहून म्हणाले, "कामावर जायचंय, हत्यारं सापडत नाहीत." त्यांचा चेहरा बघून तिनंच डबा काढून दिला होता. टेबल तर सुकायला हवं, पण त्यांचं काम काढून घ्यायचं नाही. या दोन गोष्टी एकत्र कशा बसवायच्या, यावर तिचं डोकं दिवसरात्र चालत होतं.

महासागर खरवडता खरवडता तिला उपाय सुचला.

दुसऱ्या दिवशी बाबा अंघोळीला गेले तेव्हा तिनं डब्यातलं पॉलिश बाटलीत ओतून माळ्यावर ठेवलं. डब्यात चहाचं गार, गाळलेलं पाणी भरलं. रंग हुबेहूब जमला. वासापुरतं चार थेंब स्पिरिट. फिरवू देत बोळा हवा तितका, आतल्या आत टेबल सुकेल! स्वतःच्या हुशारीवर खूश होत ती बाजारात गेली.

परतली तेव्हा बाबा खुर्चीवर बसले होते. बोळा मांडीवर. टेबलभर पांढरं पसरलं होतं, थंडीत काचेवर श्वास सोडावा तसं.

ओल्या लाखेला पाणी लागलं की ती पांढरी पडते. एवढं एक बाबांनी तिला शिकवलं नव्हतं. त्यांच्या टेबलाला कधी कुणी पाणी लावलंच नव्हतं.

"बोळा आज ओढत नव्हता," ते हळू आवाजात म्हणाले. "म्हटलं, जोर कमी पडतोय. म्हणून आणखी दाबून फिरवला."

"बाबा, ते... डब्यात पाणी होतं. मीच घातलं होतं."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग मान हलवली.

"तू कशाला घालशील? पाणी घालू नये एवढं तर तुलाही कळतं. उगाच माझी चूक स्वतःवर घेऊ नकोस." आणि बोळा त्यांनी तिच्या हातात दिला. "शिकाऊ पोरसुद्धा असं करत नाही गं."

सकाळपर्यंत विसरतील, अशी तिनं मनाशी समजूत घातली. ते विसरलेही. पण डाग समोरच होता. रोज सकाळी तो त्यांना नव्यानं सापडायचा आणि रोज सकाळी ते नव्यानं खजील व्हायचे. "हे माझ्या हातून झालं?" असं कुजबुजत विचारायचे. ती रोज खरं सांगायची, ते रोज तिची बाजू घ्यायचे. चादर टाकली तर चादर उचलून बघायचे. डबा खऱ्या पॉलिशनं भरून पुढ्यात ठेवला, तरी त्याला हात लावेनात. टेबल एव्हाना ठणठणीत सुकलं होतं. तिला हवं होतं ते झालं होतं, आणि त्याच्याकडे बघवत नव्हतं.

"अरे, कारागीर आण कुठून तरी," ती नवऱ्यावर खेकसली. "आजच्या आज!"

"बाबा घरात असताना?"

बाबाच आतून म्हणाले, "आण. पण चांगला बघून आण."

कारागीर आला तेव्हा बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, वरचं बटणही लावलं होतं. गिऱ्हाइकानं उभं राहावं तसे ते हात पाठीमागे बांधून बाजूला उभे राहिले. कारागिरानं पांढरं घासून काढलं, टेबल पुसलं आणि बोळा फिरवायला घेतला. पुढचे हात उद्यापासून, म्हणाला. बाबांचा उजवा खांदा बोळ्याबरोबर मागेपुढे होत होता. सुनेनं तोंड फिरवलं.

"काका, एकदा नजर टाका," हात पुसत कारागीर म्हणाला.

बाबांनी वाकून डोळा टेबलाच्या कडेला लावला आणि उजेडात पृष्ठभाग पाहिला. "छान. तुम्ही करता ते बरोबरच असणार."

कारागीर गेल्यावर त्यांनी एक खुर्ची ओढून टेबलापासून जरा दूर ठेवली आणि तिच्यावर बसले.

"कुणी हात लावायचा नाही," ते नातीला म्हणाले. "पाहुण्यानं केलेलं काम आहे."

"आजोबा, तुम्ही पण नाही?"

"मी पण नाही."

सून दारातच थांबली. खिडकीतून एक माशी आली आणि ओल्या पॉलिशवर घिरट्या घालू लागली. बाबांचा हात झटकन वर गेला, अर्ध्यात थांबला, खाली आला. मग ते खुर्चीतून उठले, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले आणि टेबलावर वाकून माशीवर हलकेच फुंकर घालू लागले.