मेनूतली एकतीस तारीख

"सकाळी सकाळी यांची घोटून दाढी केली, आणि पाहुण्यांचा पत्ताच नाही. माझी मेहनत पाण्यात!" वृद्धाश्रमातल्या मावशी टॉवेल झटकत पुटपुटल्या.

खुर्चीतल्या बाबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. अंगात इस्त्रीचा शर्ट, नजर फाटकाकडे.

त्यांची लेक शेजारी लॅपटॉप उघडून बसली होती. आश्रमाची वेबसाइट तिनेच केलेली. घरचा स्वयंपाक उरकून, चुकतमाकत शिकून. भेटीला यायचं तर तिथल्या फॉर्मवर तारीख निवडायची. मग त्या दिवशी मावशी माणसाला तयार करून पुढच्या खोलीत आणून बसवत. आजची तारीख दादाची होती. दादा मात्र आला नव्हता.

तिने नोंद उघडली आणि कपाळावर हात मारला. दादाने तीस दिवसांच्या महिन्यातली एकतीस तारीख निवडली होती! तारखांचा मेनू तयार करणारी तिची स्क्रिप्ट सगळ्या महिन्यांना एकाच मापाने मोजत होती. एकतीस सापडेना, तेव्हा कॉम्प्युटरने गुपचूप पुढच्या महिन्याची एक तारीख, म्हणजे आजची, धरली.

"बाबा, चूक माझीच आहे!" ती इतक्या आनंदाने ओरडली, की मावशी बघतच राहिल्या.

"बघा, मी म्हटलंच होतं," बाबाही खुलले. "पोरगा विसरायचा नाही."

तिने जेवणसुद्धा पुढे ढकललं. स्क्रिप्ट आता प्रत्येक महिन्याचे दिवस वेगळे मोजू लागली, फेब्रुवारीचे नखरेही सांभाळू लागली. तिने दादाला फोन लावला.

"तेच तर! तुझ्या मेनूनेच घोळ घातला," दादा म्हणाला. त्याने नवी तारीख निवडली.

त्या दिवशीही बाबा तयार होऊन बसले. फाटकातून दूधवाला आला, डॉक्टर आले, कुणाचे कुणाचे जावई आले.

"अगं, त्यात वार कुठे दिसतो?" दादा फोनवर वैतागला. "माझी सुट्टी आहे की नाही, कळायला नको?"

खरंच की! तिने प्रत्येक तारखेपुढे वार आणला. दादाने रविवार निवडला. रविवार उजाडला, कलला. मावशी दोनदा चहा ठेवून गेल्या आणि एका शब्दानेही काही बोलल्या नाहीत. नेमकं तेच तिला टोचलं. तिची बोटं पुन्हा कीबोर्डवर धावू लागली.

"आता आदल्या दिवशी आठवणीचा मेसेज जाईल असं करते. शिवाय गाडीच्या वेळाही दाखवता येतील. म्हणजे त्याला कसं..."

बाबांनी हात लांब करून लॅपटॉप हळूच मिटला.

"पुरे गं, बाळा. किती राबशील? तुझ्या तारखा बरोबर आहेत."

"मग बाबा, तो..."

"त्याला यायचं नाहीये."