हजेरीतली वेणू

नवाचा पाढा त्या दिवशीही चोपन्नापाशी येऊन अडला.

"नऊ सक...?" सारिका बाईंनी खडू हातात धरून विचारलं. पोरांनी आधी छताकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. कोणी 'सत्तेचाळीस' म्हणालं, कोणी 'चौसष्ट'. मागच्या बाकावरची वर्षा तर नुसतीच हसली.

शहापूरहून मुरबाडकडे जाताना सापगाव मागे पडलं की डाव्या हाताला एक कच्चा रस्ता फुटतो. त्या रस्त्याच्या टोकाला, गावाच्या हद्दीला चिकटून पण गावात न मोजलेली, कातकऱ्यांची वाडी आहे. वाडीच्या तोंडाशी शाळा. पहिली ते सातवी, दोन शिक्षक, दोन खोल्या आणि पटावर वीस मुलं. बाईंच्या आधी जे गुरुजी होते ते पाढे छडीने घोकून घेत, आणि वर म्हणत, "आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?" अशा माणसांना पगार कशाचा मिळतो, हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नाही.

बाई वाशिंदहून स्कूटीवर यायच्या. त्यांना छडी चालवता येत नव्हती, म्हणून त्यांनी दुसरी वाट धरली. त्या दिवशी त्यांनी नवाचा अख्खा पाढा फळ्यावर उभा लिहिला, शून्य नऊपासून नव्वदपर्यंत, आणि म्हणाल्या, "आज पाठ करायचं नाही. नुसतं बघायचं. काय दिसतं ते सांगा."

पोरं फळ्याजवळ सरकली. मग सातवीतली वेणू उठली. झिपरू आणि लहानीची थोरली पोर, तेरा वर्षांची, अंगाने काडी, पण डोळे असे की समोरच्या बाईने आपला पदर सारखा करावा.

"बाई, ह्या बाजूचा आकडा चढतो. त्या बाजूचा उतरतो."

"अजून?"

"दोनी मिळवले का नऊच होतात. कुठंबी बघा. पाच न् चार नऊ. सहा न् तीन नऊ."

"मग नऊ सक?"

"सहाच्या आंधीचा पाच. पाचाला नऊ करायला पायजे चार. चोपन्न!"

वर्गात असा गलका झाला की पलीकडच्या खोलीतून दीपेश सर, म्हणजे मुख्याध्यापक, धावत आले. त्यांना वाटलं साप निघाला.

त्या दिवसापासून शाळेत पाढ्यांचा छंदच लागला. आठाच्या पाढ्यात शेवटचा आकडा आठ, सहा, चार, दोन, शून्य असा दोन-दोन उतरत जातो आणि पुन्हा आठावर उडी मारतो, हे बाईंनी दाखवलं. सात मात्र बाईंनाही दाद देईना. तो वेणूने फोडला. तिने साताच्या पाढ्यातले शेवटचे आकडे चिंचोक्यांनी तीन ओळींत मांडले: सात, चार, एक. खाली आठ, पाच, दोन. त्याखाली नऊ, सहा, तीन. आडवं बघा तर तीन-तीन कमी होतात, उभं बघा तर एकेक वाढतो. पंधरा वर्षं नोकरी झालेल्या बाई त्या चिंचोक्यांपुढे उकिडव्या बसून राहिल्या. हे त्यांना कधी दिसलं नव्हतं. त्यांनी ती मांडणी व्हरांड्याच्या भिंतीवर रंगवून घेतली, खाली लिहिलं, 'शोध: वेणू, इयत्ता सातवी.' वेणू रोज शाळेत शिरताना त्या ओळीवरून बोट फिरवायची आणि मग कोणी बघितलं तर नाही ना, म्हणून मागे वळायची.

दिवाळीला आठ दिवस राहिले असताना वर्षा सहज बोलून गेली, "बाई, वेणूताईची सोयरीक झाली. संजूबरूबर."

दुपारच्या सुट्टीत बाई तडक झिपरूच्या झोपडीवर गेल्या. झिपरू कुडाला शेण लावत होता. वाईट माणूस नव्हता तो. दारू पीत नव्हता, पोरीवर हात उगारत नव्हता. त्याने बाईंना फळकूट टाकून बसायला दिलं.

"झिपरूदादा, तेरा वर्षांची आहे ती!"

"बाई, आमी आता भट्टीवर जाणार, पार पावसाळ्यापत्तुर. पोरगी तरणी झाली. दिवसभर आमी चिखलात, ती खोपीत एकली. कोणाची नजर गेली तं? नवऱ्याबरूबर असली का आमचा घोर गेला." त्याने कुडावर आणखी एक हात फिरवला. "न् त्या संजूलाबी एकल्याला कोण घेतो? भट्टीवर जोडपा लागतो. एकानं चिखल मळायचा, एकानं थापायचा. एकला माणूस तिथं अर्धाच."

वाडीची रीतच ती. दसरा सरला की भट्टीवाल्यांचे मुकादम येतात आणि माणसं नव्हे, जोड्या नेतात. ज्या पोराची जोडी नाही त्याची दिवाळीआधी जुळवून टाकतात. वाडीत लग्नाचा हंगाम पंचांगावर ठरत नाही, वीटभट्टीवर ठरतो. त्या विटांची घरं कल्याण-ठाण्यात उभी राहतात आणि त्यात आपण सगळे राहतो.

"मी तिला आश्रमशाळेत घालते," बाई म्हणाल्या.

"आता घेतील?"

बाई गप्प झाल्या. प्रवेश जूनमध्ये. लहानी चुलीपाशी बसून सारं ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "मीबी तेराचीच व्हते." वेणू दाराआड उभी होती. तिने बाईंकडे असं पाहिलं की आता बाई काहीतरी काढतीलच, साताच्या पाढ्यातून निघालं तसं.

शाळेच्या भिंतीवर मुलांच्या मदतीचा चार आकडी फोन नंबर रंगवलेला होता. बाईंनी मोबाइल काढला. दीपेश सरांनी तो त्यांच्या हातातून काढून टेबलावर ठेवला, अगदी हळुवारपणे.

"बाई, विचार करा. वाडीत पोलीस आले की उद्या सगळी वाडी पोरं काढून घेईल. आणि वेणूचं नाव कमी केलं तर पट एकोणीस. वीसच्या खाली गेलेल्या शाळा बंद होणार म्हणतात. ही छोटी पोरं ओढा ओलांडून चार किलोमीटर जाणार आहेत का? एका मुलीसाठी एकोणीस जणांचं नुकसान करायचं?"

"मग वेणूचं काय?"

"तिची हजेरी लावत चला. मार्चपर्यंतचा तर प्रश्न आहे. परीक्षेपुरती भट्टीवरून बोलावून घेऊ."

माणूस चुकीच्या कामाला लागतो तो बहुधा चांगल्या कारणाने. बाईंना ते कारण पटलं, खरं तर त्यांना ते पटायलाच हवं होतं. वाडीशी भांडण नको, वरिष्ठांशी नको, आणि एकोणीस पोरांची शाळा वाचते. लग्न लागलं. वेणू डोक्यावर भांड्यांचं गाठोडं घेऊन टेम्पोत चढली. तिच्या शेजारी सतरा वर्षांचा संजू तिच्याइतकाच बावरलेला बसला होता. बाई त्या दिवशी वाडीकडे फिरकल्या नाहीत. दिवाळीची सुट्टी संपली आणि हजेरीपटात वेणूच्या नावापुढे पहिली खूण पडली: हजर.

सुरुवातीला बाईंचा हात अडखळायचा. पुढे सवय झाली. सवयीसारखी वाईट गोष्ट नाही. नाव न पुकारता खूण करायची आणि पुढच्या नावावर जायचं. पोरं बघत, पण बोलत नसत.

माघात ग्रामपंचायतीतून एक कागद आला. गावाच्या बाल संरक्षण समितीला माहिती हवी होती: महिनाभराहून अधिक गैरहजर असलेल्या मुलींची नावं. घरोघर जाऊन चौकशी करणार होते, भट्टीवरसुद्धा. बाई तो कागद पुढ्यात घेऊन अर्धा तास बसल्या. नाव लिहावं, तर तीन महिन्यांची खोटी हजेरी उघडी पडते. त्यांनी सरकारी भाषेतला एकच शब्द लिहिला, 'निरंक', आणि सही केली. कोणी नाही, म्हणून कोणी शोधायला गेलं नाही.

चैत्रातला सोमवार होता. बाई हजेरी घेत होत्या. वेणूच्या नावाशी पेन टेकलं आणि वर्षा उभी राहिली.

"बाई, वेणूताईची लावू नका आता."

"का गं?"

"ती मेली ना. शुक्करवारी. शनिवारी दुपारी हितं आणून पुरली."

बाईंची नजर खाली गेली. शुक्रवारच्या चौकटीत खूण होती. शनिवारच्याही होती. त्या पोरीला मूठमाती द्यायची होती त्या सकाळी ती सारिका बाईंच्या वर्गात हजर होती.

बाई पळतच वाडीत गेल्या. लहानी कुडाला टेकून बसली होती. रडून झालं होतं, आता नुसते डोळे उघडे होते. झिपरू अंगणात पाठमोरा.

"पोटात होता तिच्या," लहानी म्हणाली. "पाचवा म्हयना. चिखलाचं घमेलं उचलता उचलता बसली खाली. रगत थांबंना. दोन दीस. आमी बोललो, दवाखान्यात नेऊ. मुकादम बोलला, तिथं वय इचारतील, पोलीस आणतील, तुमालाच आत टाकतील. म्हून थांबलो, बाई. उद्या थांबंल, उद्या थांबंल..."

बाई तिच्यापुढे जमिनीवर बसल्या. त्यांना काही बोलायचं होतं, पण लहानीचं संपलं नव्हतं. ती रागाने बोलत नव्हती, तेच जास्त लागत होतं.

"तुमी आला व्हतात तवा. एकदा बोललात न् गप बसलात. आमी अडाणी. आमाला वाटला, शिकलेली बाई गप बसली म्हंजे आमचाच बरोबर असंल."

त्या रात्री आणि पुढच्या कित्येक रात्री बाईंना हेच वाक्य पुरून उरलं.

त्याच आठवड्यात शाळेत शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. दीपेश सरांनी पाढ्यांचा व्हिडिओ वर पाठवला होता, तो आवडला होता. साहेब आले, पोरांनी नवाचा आणि आठाचा पाढा दाखवला, कौतुक झालं. व्हरांड्यातल्या साताच्या मांडणीपुढे साहेब थबकले.

"हे या मुलीनं शोधलं? कमाल आहे! कुठंय ती? बोलवा, हिचा सत्कार करू तालुक्याला."

"आज तिला जरा बरं नाही, साहेब," दीपेश सर म्हणाले. त्यांना जीभ चाचरू न देता बोलता आलं.

"ती वारली," सारिका बाई म्हणाल्या.

साहेबांनी एकदा सरांकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. बाई आत जाऊन हजेरीपट घेऊन आल्या आणि तो उघडून त्यांच्या हातात दिला. "दिवाळीपासून ती वीटभट्टीवर होती. तिचं लग्न झालं होतं. ही सगळी हजेरी माझ्या हातची आहे. माघातल्या कागदावरचं निरंकही माझंच."

साहेबांनी पानं उलटली. शेवटच्या खुणेवर त्यांचं बोट थांबलं. मग त्यांनी आवाज उतरवला. "बाई, तुम्ही आत्ता भावनेच्या भरात आहात. मी काही ऐकलं नाही. लेखी दिलंत तर पहिली कारवाई तुमच्यावर होईल. नोकरी जाईल. आणि मुलगी तर आता परत येत नाही."

"त्या वाडीत तेरा वर्षांच्या अजून तीन आहेत, साहेब," बाई म्हणाल्या. "दसऱ्याला मुकादम यायचाय."

शाळा सुटल्यावर बाई वाडीत गेल्या आणि लहानीला म्हणाल्या, "मी शहापूरला पोलीस ठाण्यात चाललेय. माझा गुन्हा सांगायला. तुम्ही नाही आलात तरी चालेल." लहानी उठली, पदर सावरला. झिपरूने तिला अडवण्यासाठी हात पुढे केला. तिने तो बाजूला सारला. आयुष्यात पहिल्यांदाच सारला असावा, कारण झिपरू तसाच बघत राहिला. "आपल्याला आत टाकतील," तो म्हणाला.

"टाकू दे. दुसऱ्या कोणाची पोर तरी राहील," लहानी म्हणाली आणि बाईंच्या मागे स्कूटीवर बसली.

ठाण्यात एक तरुण हवालदार लिहून घेत होता. भट्टी कुठली, मुकादम कोण, लग्न कधी, सगळं बाईंनी सांगितलं. लिहिता लिहिता त्याने मान वर केली.

"लग्न ठरल्याचं तुम्हाला कधी कळलं?"

"आठ दिवस आधी."

"आधी? मग तेव्हाच का नाही आलात, मॅडम?"

पट, शाळा, ओढा, एकोणीस पोरं, सगळी कारणं बाईंच्या जिभेवर आली. प्रत्येक कारण खरं होतं. शेजारी लहानी बसली होती, शाई लावलेला अंगठा हवेत धरून, आपली पाळी केव्हा येते याची वाट बघत.

"लिहा," बाई म्हणाल्या, "मी गप्प बसले."

हवालदाराने तेवढं लिहिलं. "नुसतं एवढंच?"

"एवढंच. त्यानेच ती मेली."