रसायनाचा वर्ग

बारावी सायन्सचा निकाल लागला आणि तेरखेड्याच्या पौर्णिमा गायकवाडनं घरात सांगून टाकलं, की ती रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. करणार. विचारलं नाही, सांगितलं.

तिचे वडील मच्छिंद्र शोभेच्या दारूच्या कारखान्यात कामाला होते. भुईनळे भरण्यात त्यांचा हात बसलेला. नवा भुईनळा पेटवून बघायचा असला की ते छोट्या पौर्णिमाला घेऊन माळावर जायचे.

"हिरवा कशानं हुतो, पप्पा?"

"त्याची एक पूड असती."

"हिरवी?"

"न्हाय. पांढरीफेक."

पांढऱ्या पुडीतून हिरवं कसं निघतं, हे काही त्यांना सांगता यायचं नाही. त्यांनी तसं कधी लपवलंही नाही. "तूच शीक आन् मला सांग," म्हणायचे. बारावीच्या पुस्तकात तिला थोडंफार सापडलं, पण तेवढ्यानं तिचं भागलं नव्हतं.

लातूरच्या मोठ्या कॉलेजात सहज प्रवेश मिळावा इतके तिला मार्क होते. पण तिचं मन तालुक्याच्या गावातल्या छोट्या कॉलेजवर होतं. बारावीला तिथंच असताना रसायनाच्या शिवप्रिया मॅडमनी तिच्या वर्गाची चारदोन प्रात्यक्षिकं घेतली होती. मॅडम उमरग्याकडच्या, घरी कानडी आणि वर्गात अगदी सावकाश मराठी बोलायच्या. परीक्षानळीतला रंग बदलला की वर्गाच्या आधी त्यांचाच चेहरा उजळायचा. शिकायचं तर यांच्याच हाताखाली, हे पौर्णिमानं तेव्हाच ठरवलं होतं.

अर्ज घेऊन ती कॉलेजात गेली, तर ऑफिसात क्लार्क उत्कर्ष एकटाच बसला होता. त्यानं अर्ज वाचला आणि परत तिच्याकडं सरकवला.

"रसायन न्हाय यंदा."

"न्हाय म्हंजे?"

"म्हंजे विषय बंद. दोघातिघांनीच घेतलाय. संस्थेनं सांगितलंय, पुरती पोरं नसली तर वर्ग काढायचा न्हाय. मॅडमला दुसऱ्या शाखेत पाठवायलेत. तू प्राणिशास्त्र घे की, त्याला लई पोरं हायेत."

"मला रसायनच पायजे."

"मग लातूरला जा."

"इथंच पायजे."

उत्कर्ष हसला. माणूस वाईट नव्हता; सकाळपासून त्याला इतकं ठाम कुणी भेटलं नव्हतं, एवढंच.

"शेवटची तारीख कधी हाय, दादा?"

"येत्या शनिवारी."

"मग अर्ज ठेवून घ्या. रसायन लिहिलंय ते तसंच राहू द्या."

तिथून ती सरळ लॅबमध्ये गेली. शिवप्रिया मॅडम कपाटातल्या बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरत होत्या. टेबलं पुसून ठेवलेली, नळ बांधून टाकलेले.

"ये पौर्णिमा. मार्क चांगले पडले तुला."

"मॅडम, तुम्ही आवरायला का लागलात? शनिवार यायचाय अजून."

मॅडमनी हातातली बाटली खाली ठेवली. "मी काय प्रयत्न केले नाहीत का? गावोगाव फिरले, पत्रकं वाटली. मुलं म्हणतात अवघड आहे. घरचे म्हणतात, शिकून त्याचं करायचं काय."

"पत्रक वाचून कोण रसायन घेतंय, मॅडम? मी तर तुमची लॅब बघून घेतलं. लॅब दाखवा की."

"कुणाला?"

"सगळ्यांना. पोरांना, त्यांच्या आईबापांना. बाजारादिवशी अर्धा तालुका आपल्या गेटवरून जातो. जाताना आत बोलवायचं."

मॅडमनी पदर खोचला आणि त्या दोघी प्राचार्यांकडं गेल्या.

प्राचार्यांनी ऐकून घेतलं. निवृत्तीला आलेले, सावध गृहस्थ. त्यांना आधी आगीची काळजी वाटली. स्पिरिटचा दिवा मीच हाताळेन, मुलं लांब उभी करू, असं मॅडमनी सांगितल्यावर त्यांनी खरी अडचण काढली.

"समजा, आली मुलं. प्रवेश घेतात आणि दिवाळीनंतर कॉलेजचं तोंड बघत नाहीत. वर्ग कागदावरच राहतो. त्याचं काय करू मी?"

"सर, आजपर्यंत त्यांनी न बघता घेतलंय," पौर्णिमा म्हणाली. "आता बघून घेतील. न्हाय आवडलं तर कुणी घेणार न्हाय, मग तुम्ही बंद करा. माझं काही म्हणणं न्हाय."

"तुझं काही म्हणणं नाही?"

"तेव्हा नसंल. आत्ता हाय."

प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. "बाजारादिवशी दुपारी लॅब उघडा," ते म्हणाले. "आणि वाळूच्या बादल्या भरून ठेवा."

पौर्णिमाच्या डोक्यात एक नाव आधीपासून होतं. करिश्मा. बारावीत तिच्याच बाकावर बसायची. गणितात पौर्णिमाच्या पुढं, पण निकालानंतर तिचा फोन बंद. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा वाट विचारत तिच्या वस्तीवर गेली. धनगरांची पाचसहा घरं, बाजूला मेंढरांचा वाडा. करिश्माचे वडील बिरू बाभळीखाली कोकराच्या खुराला काहीतरी लावत बसले होते. करिश्मा कोकरू धरून होती. पौर्णिमाला बघून तिनं मान खाली घातली.

"कुणाची गं तू?" बिरूंनी विचारलं.

"तेरखेड्याच्या मच्छिंद्र गायकवाडांची."

"भुईनळेवाला मच्छिंद्र? आमच्या जत्रंला त्याच्याच हातचे असत्यात." ते जरा सरकून बसले. "बस की. काय काम काढलंस?"

तिनं सगळं सांगितलं. बिरू ऐकत होते, पण हात थांबला नव्हता.

"आता तिला अजून शिकवून काय करायचं? बारावी लई झालं. औंदा सोयरीक बघायलोय."

"बघा की, काका. म्या कुठं नको म्हणते? पण सोयरीक काय उद्याच जमत न्हाय. तवर तिनं घरी बसून काय करायचं?"

"मेंढरं हायेत की."

तेवढ्यात करिश्माची आई हरणाबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी पौर्णिमाच्या हातात कप दिला आणि नवऱ्याकडं न बघता विचारलं, "बसचं काय? लेकीबाळीनं एकटीनं कसं जायाचं?"

"एकटी कशी? तेरखेड्याहून येणारी एसटी तुमच्या फाट्यावर थांबती. मी तीतच असणार रोज. येताना बी दोघी संगंच."

"आन् तू सोडून दिलंस तर?"

"म्या सोडणार न्हाय, काकी."

ती हे अगदी सरळपणे म्हणाली. हरणाबाईंनी लेकीकडं बघितलं. "तुला जायचंय का?"

करिश्मानं कोकराच्या पाठीवरून हात फिरवला. "व्हय," ती म्हणाली. तिच्या तोंडून आलेला हा पहिलाच शब्द.

बिरूंनी मलमाचं झाकण लावलं. "म्या काय हो म्हणत न्हाय," ते म्हणाले. "पण बाजाराला तर यायचंच हाय. बघून जाऊ."

बाजाराच्या दिवशी पौर्णिमा सकाळीच आली. बाजारातून तिनं मीठ, चुना आणि मोरचूद घेतलं. कपाटातल्या नावं न कळणाऱ्या बाटल्यांपेक्षा लोकांच्या रोजच्या वस्तूच वापरायच्या, हे तिचं आणि मॅडमचं ठरलं होतं. दुपारी ती आणि उत्कर्ष गेटवर उभे राहिले. येणाऱ्याजाणाऱ्याला बोलवायला उत्कर्षला आधी संकोच वाटत होता, पण त्याचा आवाज मोठा होता. बघता बघता लॅब भरली. पिशव्या घेतलेल्या बाया, बारावी झालेली पोरं, काही नुसतेच रिकामे लोक. बिरूही हरणाबाई आणि करिश्माला घेऊन आले. कारखान्यातून सुटी घेऊन मच्छिंद्रही आले आणि मागं भिंतीला टेकून उभे राहिले.

मॅडमनी स्पिरिटचा दिवा लावला. तारेच्या टोकाला मीठ घेऊन ज्योतीत धरलं. ज्योत पिवळी झाली. लोकांनी माना डोलावल्या. मग मॅडमनी तीच तार मोरचुदाच्या पाण्यात बुडवून धरली. ज्योत पुन्हा पिवळीच. पुन्हा धरली. पिवळीच. त्यातून दुपारचं ऊन खिडक्यांतून थेट टेबलावर येत होतं, त्यात धड तीही दिसेना.

"पिवळा जाळ तर आमच्या चुलीतबी असतोय," कुणीतरी मागून म्हणालं. हशा झाला. दोनचार जण दाराकडं वळले.

पौर्णिमा पुढं झाली. "मॅडम, तारंला मीठ राहिलंय," ती हळूच म्हणाली. "मिठाचा पिवळा बाकीच्यांना दाबतोय. तुम्हीच शिकवलं होतं."

मॅडमनी तिच्याकडं बघितलं, मग हातातल्या तारेकडं. "बरोबर. ती ॲसिडची बाटली दे." त्या तार धुऊ लागल्या. पौर्णिमा लोकांकडं वळली. "थोडं थांबा. तार धुवायची राहिली हुती. आन् उजेड लई हाय, खिडक्या झाकाव्या लागतील. कुणाकडं काही हाय का?"

एका व्यापाऱ्यानं ताडपत्री आणून दिली. एक खिडकी झाकली, दुसरी उरली. सगळे इकडंतिकडं बघत असताना बिरूंनी खांद्यावरची काळी घोंगडी काढली, बाकावर चढले आणि खिडकीच्या गजांत ती घट्ट खोचली. खोलीत अंधार झाला. दाराकडं निघालेले लोक अंधार बघून परत फिरले.

मॅडमनी धुतलेली तार नुसतीच ज्योतीत धरली. रंग आला नाही. मग निळ्या मोरचुदाचा एक खडा वर उचलून दाखवला.

"हे काय आहे, कोण सांगेल?"

"मोरचूद," अंधारातून बिरूंचा आवाज आला. "मेंढराच्या खुराला लावतोय आमी."

"रंग?"

"निळा."

मॅडमनी तार बुडवली आणि ज्योतीत धरली. ज्योत हिरवी झाली. पोपटी नव्हे, गर्द हिरवी. कडेला थोडी निळी झाक. मॅडमनी पुन्हा धरली, पुन्हा हिरवी. मग तार धुऊन ॲसिडात कालवलेला चुना घेतला, तर ज्योत विटेसारखी लालभडक झाली. पुढच्या रांगेतल्या बाईनं कमरेच्या चंचीतला चुना काढून विचारलं, "ह्योच का?"

"हाच," मॅडम म्हणाल्या.

मागून मच्छिंद्र पुढं आले. इतकी वर्षं रंगांत काम केलेला माणूस, पण एवढ्या जवळून, धुराशिवाय, एकटा रंग त्यांनी बघितलेला नव्हता. "मॅडम, एक इचारू का?" ते म्हणाले. "हे निळं हाय. जळताना हिरवं कसं हुतं?"

"या मोरचुदात तांबं असतं. तापलं की तांबं हिरवा उजेड देतं. मिठातला धातू पिवळा, चुन्यातला लाल. ज्याचा त्याचा ठरलेला रंग. तो रंग बघून आत काय आहे ते ओळखता येतं."

"आन् तांब्यानं हिरवाच का द्यायचा?"

मॅडम हसल्या. "ते सांगायला अख्खं वर्ष लागतं. पोरीला पाठवलंय ना तुम्ही, तिच्याकडून ऐका."

त्यानंतर पोरं मागं हटेनात. प्रत्येकाला तार स्वतः धरायची होती. करिश्मा रांगेत पहिली. तिनं तार धरली, हिरवं बघितलं, मग कुणी सांगण्याआधीच तार धुऊन पुढच्याच्या हातात दिली. हरणाबाई सगळं बघत होत्या. खिडकीवरची घोंगडी काढताना बिरूंना त्या म्हणाल्या, "आवो, अर्ज कुठं मिळतोय ते इचारा."

"तूच इचार," बिरू म्हणाले. पण ऑफिसच्या दाराशी तेच आधी पोचले.

शनिवारी उत्कर्षनं रसायनाचे अर्ज एकत्र केले आणि प्राचार्यांच्या टेबलावर ठेवले. पाहिजे होते त्याहून काही जास्तच निघाले. प्राचार्यांनी ते एकेक करून बघितले, संस्थेला फोन लावला, आणि फोन ठेवल्यावर शिपायाला सांगितलं, की लॅबमधली खोकी सोडायला मॅडमना मदत कर. पौर्णिमा बाहेर बाकावर बसली होती. तिला त्यांनी आत बोलवलं.

"वर्ग निघाला," ते म्हणाले. "आता टिकवायचा."

"टिकंल, सर."

सगळेच टिकले असं झालं नाही. पोळ्याच्या आसपास दोघं पोलीस भरतीच्या तयारीला लागले, एकीचं लग्न ठरून ती बार्शीकडं गेली. पण बाकीचे येत राहिले. पाऊस असला की फाट्यावर चिखलात उभं राहून करिश्मा एसटीला हात करायची आणि पौर्णिमा आतून तिची जागा धरून ठेवायची.

पहिल्या सत्राचा निकाल लागला तेव्हा रसायनात करिश्मा पहिली आली. पौर्णिमा दुसरी. पौर्णिमाला जरा लागलं. तिनं ते लपवलं नाही.

"कुठं गेले तुझे?" करिश्मानं विचारलं.

"मोलॅरिटीच्या गणितात. दशांश चुकला."

"बघू पेपर."

एसटीच्या मागच्या बाकावर दोघींनी तो मांडीवर पसरला. गणित करिश्मानं पहिल्या ओळीपासून सोडवायला घेतलं. पौर्णिमा तिच्या पेन्सिलीकडं बघत होती आणि मध्येच थांबवून विचारत होती. फाटा आला, कंडक्टरनं बेल मारली, तरी गणित अर्धंच राहिलं होतं.

"उद्या," करिश्मा दप्तर उचलत म्हणाली.

"उद्या कशाला? माझ्याकडं चल. पप्पांनी तुला बघितलं तर त्यांनाबी काहीतरी इचारायचंच असंल."

करिश्मानं खिडकीतून बघितलं. फाट्यावर हरणाबाई उभ्या होत्या. तिनं आईला हाक मारून सांगितलं, की ती तेरखेड्याला जाऊन शेवटच्या गाडीनं परत येईल, आणि पुन्हा जागेवर बसली. हरणाबाईंनी हात वर करून बरं म्हटलं. गाडी निघाली.